व्हॉल्वच्या कडेनं लीक आहे म्हणतात, पायातून बंद करता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडचे एक जण विचारतायत, आईचं वय ५८, ११ वर्षांपूर्वी हृदयाचा मायट्रल व्हॉल्व (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप) बदललेला, धातूचा. गेले सहा महिने धाप लागते, हिमोग्लोबिन ७ वर आलंय, दोनदा रक्त चढवून झालं, लघवी अधनंमधनं कोऱ्या चहासारखी काळी होते. सांगलीत इको केला तर सांगितलं की व्हॉल्वच्या बाजूनं लीक आहे, परत छाती उघडायची नसेल तर पायातून डिव्हाइस घालून बंद होतं, पुण्या-मुंबईला जाऊन या. आता घरात दोन तट पडलेत, मामा म्हणतात हे पैसे काढायचे धंदे आहेत आणि धाकटा भाऊ म्हणतो उद्याच गाडी काढू.

दोघांनीही जरा थांबा. हा धंदा नाही, खरी ट्रीटमेंट आहे, जगभर चालते आणि आपल्याकडच्याही मोठ्या सेंटरला होते. पण उद्या गाडी काढायची गोष्ट पण नाही, कारण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आईचा मुख्य त्रास धापेपेक्षा रक्त फुटण्याचा दिसतोय, आणि अशा पेशंटमध्ये अर्धवट बंद केलेलं लीक कधीकधी आधीपेक्षा जास्त छळतं. मी मिरजेत बरीच वर्षं इको आणि कॅथलॅब (नळीतून हृदयाचे इलाज करायची खोली) दोन्ही करतोय, अशा पेशंटना पुढं पाठवायचं, परत आले की सांभाळायचं, आणि काही केसेसमध्ये स्वतः हात घालायचा, हे सगळं केलंय, त्यावरून लिहितो. लांबेल, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण हिच्यापायी माणसं दगावतात. लघवी लाल-काळी झाली की घरचे म्हणतात रक्त लई पातळ झालं, ॲसिट्रोम (रक्त पातळ ठेवायची गोळी) बंद करा. नाही!! परस्पर अजिबात बंद करायची नाही. आईच्या लघवीत बहुतेक रक्तस्राव नाहीये, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून आतला रंग लघवीत उतरतोय. फरक ओळखायला साधी लघवीची तपासणी पुरते, पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह येतं पण मायक्रोस्कोपखाली बघितलं तर तांबड्या पेशी नसतातच किंवा अगदी एखाद-दुसरी दिसते. तसं असेल तर ते पेशी फुटल्याचं लक्षण, ॲसिट्रोमचा त्याच्याशी संबंध नाही. गोळी बंद केली तर धातूच्या मायट्रल व्हॉल्ववर गुठळी धरायला फार दिवस लागत नाहीत, मग व्हॉल्व अडकतो नाहीतर गुठळी सुटून मेंदूत जाते, आणि मूळ लीक राहिलं बाजूलाच. आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) ३ च्या आसपास, म्हणजे २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा, आणि द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसातसुद्धा तपासायचा. आमच्याकडं एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आयएनआरला येणारी माणसं निम्म्यानं कमी होतात हे मी दरवर्षी बघतो.

आता लीक म्हणजे नक्की काय ते बघू. व्हॉल्वचं लीक दोन जागी असतं. एक व्हॉल्वच्या आतून, म्हणजे पाकळी किंवा डिस्क नीट मिटत नाही. दुसरं, व्हॉल्वची कापडी रिंग आणि हृदयाचं मांस जिथं टाक्यांनी जोडलंय तिथं फट पडते. दार नवीन आहे, मस्त उघडझाप करतंय, पण चौकट आणि भिंतीच्या मधून वारा येतोय असं समजा. याला पॅराव्हॉल्व्युलर लीक म्हणतात, तुमच्या रिपोर्टमध्ये पीव्हीएल लिहिलं असेल. ही फट पडते का, तर टाके जिथं घेतले ते मांस कॅल्शियममुळं कडक झालेलं असतं नाहीतर फार नाजूक असतं, टाका हळूहळू कापत जातो. आपल्याकडं बहुतेक पेशंट लहानपणच्या संधिवाताच्या तापाचे, रूमॅटिकवाले, त्यांची मूळ झडप आणि आजूबाजूची जागा आधीच चरबट आणि आखडलेली, त्यात टाके धरायचे म्हणजे सर्जनची कसोटी असते, त्यामुळं लीक झालं म्हणून लगेच त्यावेळच्या सर्जनला दोष देत बसू नका. आणि तिसरं कारण जंतुसंसर्ग, त्यावर खाली सविस्तर लिहितो.

बारीकसं लीक अनेकांना असतं. ऑपरेशननंतरच्या इकोत शोधलं तर शंभरात पाच ते पंधरा जणांमध्ये कुठंतरी बारीक धार दिसते, पण खरा त्रास देणारं लीक १ ते ५ टक्क्यांतच. बाकीच्यांना काही करावं लागत नाही, वर्षाला एक इको बस्स. शिवाय दोन पाकळ्यांच्या धातूच्या व्हॉल्वमध्ये बनवतानाच थोडं रक्त मागं यायची सोय ठेवलेली असते, बिजागरी धुतली जावी आणि गुठळी धरू नये म्हणून, ती धार रिंगच्या आतून येते आणि ती नॉर्मल असते. नवखा माणूस इको करत असेल तर तिलाच लीक म्हणून लिहितो आणि मग पेशंट फाईल घेऊन गावोगाव फिरतो. रिपोर्टमध्ये नुसतं लीक असा शब्द दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, ते रिंगच्या आत आहे का बाहेर हे विचारा.

रक्त का फुटतं हा भाग नीट समजून घ्या, तुमचा निर्णय त्यावरच ठरणार आहे. डावा खालचा कप्पा आवळतो तेव्हा आत प्रेशर १२० च्या घरात, वरच्या कप्प्यात जेमतेम १०-१५. एवढ्या फरकानं रक्त त्या फटीतून सेकंदाला पाच मीटरच्या वेगानं सुटतं, आणि फट अरुंद, कडा खरबरीत, समोर कापडी रिंग नाहीतर धातू. तांबडी पेशी त्यात चेपून फाटते. पेरिफेरल स्मिअरमध्ये (काचेवर रक्त पसरून केलेल्या तपासणीत) फाटक्या, टोकदार, टोपीच्या आकाराच्या पेशी दिसतात, एलडीएच (फुटलेल्या पेशींतून रक्तात येणारं एन्झाइम) वाढतं, हॅप्टोग्लोबिन (सुटलेलं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) जवळजवळ संपतं, रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींचा आकडा) वाढतो, कावीळ थोडी दिसते. धातूच्या व्हॉल्वमध्ये एलडीएच थोडं वर असतंच, ते हजाराच्या पुढं गेलं की मी कान टवकारतो. म्हणजे मोठ्या भोकातून जास्त रक्त मागं जाईल आणि धाप लागेल, पण पेशी फुटायला चिंचोळी फटच जास्त वाईट. माझ्याकडं असे पेशंट आलेत ज्यांचं लीक इकोवर मायल्ड टू मॉडरेट, हृदयाचा आकार बरा, आणि दर दीड महिन्याला रक्ताची बाटली. त्यामुळं लीक किती मोठं हा एकच प्रश्न विचारून भागत नाही, ते कुठं आहे, कसल्या आकाराचं आहे आणि नेमका त्रास कशानं होतोय हे आधी.

आपल्या भागात घोळ असा होतो की बाई फिकट दिसली, धाप लागतीया म्हणाली, की आधी जंताची गोळी, मग लोहाचं इंजेक्शन, मग पाळीचं काहीतरी, मग अल्सर शोधायला दुर्बीण. ॲसिट्रोम चालू आहे म्हटल्यावर तर पोटातूनच रक्त जातंय असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. छातीवर मधोमध ऑपरेशनचा व्रण आहे आणि ॲनिमिया आहे, तर एलडीएच आणि स्मिअर पहिल्याच दिवशी करा, दोन्ही तपासण्या तालुक्याच्या लॅबला होतात आणि खर्च फार नाही. अजून एक गंमत, ही माणसं पेशी फुटून ॲनिमिक असली तरी लोहसुद्धा कमी पडलेलं असतं, कारण ते रोज लघवीतून वाहून जातं. त्यामुळं लोह द्यायचंच, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रोज द्यायचं, बीटा ब्लॉकर देऊन हृदयाचा जोर थोडा उतरवायचा, काहीजण पेंटॉक्सिफायलिन पण देतात, किडनी कमजोर असेल तर एरिथ्रोपोएटिनची (रक्त बनवायला लावणारी) इंजेक्शनं. आणि रक्त चढवायला घाबरू नका. हिमोग्लोबिन कमी झालं की हृदय जोरात पळतं, जोरात पळालं की अजून पेशी फुटतात, हे चक्र तोडायला ९-१० पर्यंत आणणं ही पण ट्रीटमेंटच आहे. यानं फट बुजत नाही हे खरं, पण पुढचा निर्णय शांत डोक्यानं घ्यायला महिना-दोन महिने मिळतात.

आता जंतुसंसर्ग. अकरा वर्षं व्हॉल्व नीट चालला आणि आत्ता नवीन लीक सुरू झालं, तर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, आत इन्फेक्शन तर नाही ना. मधल्या काळात बारीक ताप, थंडी, वजन उतरणं, दात काढला, गळू झालं, सलाईनचा हात सुजला, असं काही झालं होतं का ते आईला बसवून विचारा, मुलगा बरोबर असला की बायका सगळं सांगत नाहीत, सुनेला नाहीतर लेकीला विचारायला लावा. रक्ताची कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागेवरून, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. हे आधी फार महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडं ताप आला की गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन आणि तीन दिवसांच्या गोळ्या हे ठरलेलं, मग कल्चर कोरं येतं आणि आम्ही अंधारात. कृत्रिम व्हॉल्ववाल्या माणसाला ताप आला तर आधी कल्चर, मग औषध, हे वाक्य फाईलच्या कव्हरवर लिहून ठेवा. आत इन्फेक्शन चालू असताना डिव्हाइस घालणं म्हणजे जंतूंना अजून एक घर बांधून देणं, कुठलाही शहाणा माणूस ते करणार नाही.

इकोबद्दल. सांगलीत जो झाला तो छातीवरून केलेला. धातूच्या मायट्रल व्हॉल्वची अडचण अशी की तो मागच्या बाजूला सावली टाकतो, आणि लीकची धार नेमकी त्या सावलीत, वरच्या कप्प्यात असते. म्हणून छातीवरच्या इकोत लीक मायल्ड लिहिलंय आणि बाई मात्र दोन पायऱ्या चढू शकत नाही, तर मी बाईवर विश्वास ठेवतो, रिपोर्टवर नाही. आडून काही खुणा मिळतात, उदाहरणार्थ व्हॉल्व अडकलेला नसतानाही त्यातून खाली येणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला १.९ मीटरच्या वर असेल तर जादा रक्त फेऱ्या मारतंय असा संशय घ्यायचा. पण खरं चित्र घशातून केलेल्या इकोत, टीईईत, आणि तो पण थ्रीडी पाहिजे. थ्रीडीत व्हॉल्व वरून, सर्जनला दिसतो तसा, गोल दिसतो आणि मग आम्ही घड्याळाच्या भाषेत बोलतो. महाधमनीचा व्हॉल्व १२ वाजता, डाव्या वरच्या कप्प्याचा कान (त्याला लागून असलेली छोटी पिशवी) ९ वाजता, मधला पडदा ३ वाजता. लीक ७ ला आहे का ११ ला आहे, लांबी किती, रुंदी किती, एक आहे का तीन, गोल आहे का चंद्रकोर, हे सगळं मोजून लिहिलेलं हवं. बहुतेक चंद्रकोरीच असतात. आणि अजून एक बघायचं, अख्खा व्हॉल्व डुलतोय का. रिंगचा पाव ते तिसरा हिस्सा सुटलेला असेल आणि व्हॉल्व हलत असेल तर डिव्हाइसचा विषय तिथंच संपला, ते ऑपरेशनचंच काम.

मी नेहमी सांगतो की ही प्रोसिजर कॅथलॅबमध्ये नाही, टीईईच्या खोलीत पास किंवा नापास होते. कॅथलॅबमध्ये चांगला हात असलेली माणसं आता बरीच आहेत, पण मधल्या काही तासांसाठी टीईईचा प्रोब धरून "अजून थोडं मागं, आता तुझी वायर ८ ला आहे, आपल्याला ७ पाहिजे" असं अचूक सांगणारा माणूस दुर्मिळ. कुठं जायचं ठरवाल तिथं पहिला प्रश्न हाच विचारा की प्रोसिजरच्या वेळी टीईई कोण करणार, आणि त्यांनी आधी अशा केसेस केल्यात का. दुसरा प्रश्न, त्याच इमारतीत हार्ट सर्जन आहे का आणि त्यानं आईची फाईल बघितली आहे का. सर्जननं न बघितलेली पीव्हीएलची केस टेबलवर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, काहींना ते पटत नाही.

प्रोसिजर कशी होते ते सांगतो म्हणजे सहीच्या कागदावरचं कळेल. मायट्रलसाठी पूर्ण भूल देतात कारण टीईई बराच वेळ आत असतो. ॲसिट्रोम काही दिवस आधी थांबवून हेपॅरिनवर (रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनवर) ठेवतात, हे हॉस्पिटलात भरती करून, घरी नाही. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात, तिथून मधल्या पडद्याला सुईनं छोटं भोक पाडून डाव्या वरच्या कप्प्यात. मग वाकवता येणारी शीथ (पोकळ नळी) लीकच्या तोंडाशी नेतात आणि गुळगुळीत वायर त्या फटीतून खाली उतरवतात. ऐकायला दोन ओळी आहेत, पण इथंच तास-तास जातो, कारण फट काही मिलिमीटरची, हृदय धडधडतंय, आणि वायर सोप्या वाटेनं म्हणजे व्हॉल्वच्या आतूनच खाली जायला बघते. वायर गेली की आनंद करायचा नाही, एक्सरेचा सी-आर्म फिरवून रिंग नीट दिसेल अशा कोनातून बघायचं की वायर खरंच रिंगच्या बाहेरून गेलीय, टीईईवर पण खात्री करायची, मगच पुढं. वायर पुढं महाधमनीत नेऊन दुसऱ्या बाजूनं फासात पकडतात, म्हणजे आरपार ताठ दोर मिळतो आणि त्यावरून डिव्हाइसची नळी सरकते. पण महाधमनीचा व्हॉल्वसुद्धा धातूचा असेल तर हे करता येत नाही, धातूच्या व्हॉल्वमधून वायर-नळी घालायची नसते, डिस्क अडकून माणूस टेबलवर जाऊ शकतो. म्हणून दोन्ही व्हॉल्व बदललेल्या पेशंटचं गणित वेगळं. मधल्या पडद्याच्या अगदी जवळचं लीक, म्हणजे ३ च्या आसपासचं, तिथं पायाकडून जाताना शीथ फार वळवावी लागते, अशा वेळी डाव्या बरगड्यांच्या मधून छोटा छेद घेऊन हृदयाच्या टोकातून जाणं सोपं पडतं, पण त्यात रक्तस्रावाची भीती जास्त.

डिव्हाइस म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारेचा विणलेला प्लग. नळीतून बारीक होऊन जातो, बाहेर पडला की आपला आकार घेतो आणि फटीच्या दोन्ही बाजूंना पसरून बसतो. गंमत म्हणजे यातले बरेचसे प्लग मुळात दुसऱ्याच कामासाठी बनलेले, कुठला रक्तवाहिनी बंद करायला, कुठला जन्मजात भोकासाठी. या जागेसाठीच बनवलेले प्लग पण आहेत, युरोपात मान्यताही आहे, पण अजूनही कामाला जो बसेल तो वापरावा लागतो. १९९२ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे छापलं तेव्हा त्यांनी पण दुसऱ्या कामाचं छत्रीसारखं डिव्हाइसच वापरलं होतं. चंद्रकोरीच्या फटीत एक मोठा गोल प्लग ठोकण्यापेक्षा दोन छोटे शेजारी-शेजारी चांगले बसतात, मोठा प्लग व्हॉल्वच्या पाकळीला आडवा येतो.

आणि हाच सगळ्यात बारीक क्षण. प्लग बसवला पण अजून केबलला जोडलेला आहे, तेव्हा थांबून व्हॉल्वच्या दोन्ही पाकळ्या पूर्ण उघडतात-मिटतात का ते एक्सरेवर बघायचं, टीईईवर लीक किती उरलं ते बघायचं, केबल हलकी ओढून प्लग घट्ट आहे का बघायचं, आणि मनात किंचित जरी शंका असेल तर परत नळीत ओढून काढायचा. सोडला की सोडला. यात एक खास आपली अडचण आहे. आपल्याकडं असंख्य पेशंटना त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेचा टीटीके चित्रा व्हॉल्व बसवलाय, १९९० पासून तो वापरात आहे, परवडणारा आणि टिकाऊ, मला त्याबद्दल आदरच आहे. पण त्याची डिस्क प्लास्टिकची, अतिउच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची, ती एक्सरेवर दिसतच नाही, नुसता धातूचा सांगाडा दिसतो. म्हणजे डिस्क हलते का नाही ते फक्त इकोवरच कळणार. तुमच्या आईचा व्हॉल्व कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत, ऑपरेशनच्या वेळी एक कार्ड दिलेलं असतं, कंपनी, मॉडेल, साईज, नंबर असलेलं, ते शोधा. ट्रंकेत, देव्हाऱ्याखाली, एलआयसीच्या कागदात कुठंतरी असतंच. सोबत जुनी ऑपरेशन नोट मिळाली तर सोन्याहून पिवळं.

किती यश येतं. अमेरिकेत मेयो क्लिनिकनं २०११ ला ११५ पेशंटची माहिती छापली, त्यात साधारण ७७ टक्क्यांमध्ये लीक मायल्ड किंवा त्याहून कमी करता आलं, तीस दिवसांत कुठलीतरी मोठी गुंतागुंत ८.७ टक्क्यांना, लकवा २.६ टक्के, तातडीचं ऑपरेशन एक टक्क्याच्या आत. ब्रिटन-आयर्लंडच्या २० सेंटरची माहिती २०१६ ला आली, २५९ पेशंट आणि ३०८ प्रोसिजर, म्हणजे काहींना दुसऱ्यांदा टेबलवर जावं लागलं हे आकड्यातच दिसतंय. हे सगळं जगातल्या अनुभवी हातांचं. आणि यात मिळालेलं यश मुख्यतः धापेच्या बाबतीत. लीक चारातलं तीन भाग बंद झालं तर धापवाला पेशंट खूश, रात्री उताणा झोपतो, लॅसिक्सचा (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढायच्या गोळीचा) डोस उतरतो. पेशी फुटण्याचं तसं नाही. उरलेली धार आता प्लगच्या जाळीतून आणि अजून अरुंद वाटेनं जाते, त्यामुळं पहिले काही आठवडे एलडीएच खाली यायच्या ऐवजी वर जाऊ शकतं. जाळीवर पडदा धरेपर्यंत वाट बघतो, रक्त देऊन सांभाळतो, बऱ्याच जणांचं शांत होतं, काहींना दुसरा प्लग लागतो आणि काहींचं शेवटी ऑपरेशनच करावं लागतं. ही शक्यता कुणी तोंडावर सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

म्हणून ऑपरेशनला व्हिलन बनवू नका. अमेरिकेच्या २०२० च्या गाईडलाईनमध्ये सुद्धा औषधानं न आवरणारं रक्त फुटणं किंवा हार्ट फेल्युअर असेल आणि पेशंट ऑपरेशन झेपण्यासारखा असेल तर पहिली पसंती ऑपरेशनलाच आहे, आणि कॅथेटरचा मार्ग ऑपरेशनची जोखीम जास्त असणाऱ्यांसाठी, तेही लीकची जागा-आकार योग्य असेल आणि सेंटर अनुभवी असेल तर. परत छाती उघडणं सोपं नाही हे मान्य, हृदय छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं, रक्त जास्त जातं, आयसीयूत दिवस जास्त. पण ५८ वय, किडनी चांगली, फुफ्फुसाचं प्रेशर फार नाही, हृदयाचा जोर चांगला, अशी बाई असेल तर तिला दुसरं ऑपरेशन झेपू शकतं, आणि लीक एका फटक्यात पूर्ण बंद होतं. उलट ७२ वय, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं, आधीच दोन ऑपरेशन झालेली, तिला मी टीईई बघून डिव्हाइसकडं वळवीन. तुमच्या आईचं यापैकी काय आहे हे प्रश्नातल्या माहितीवर ठरत नाही. फक्त छाती उघडायची नाही या एका कारणासाठी डिव्हाइस निवडू नका एवढंच म्हणेन. लोक त्याच एका कारणासाठी निवडतात हे मला रोज दिसतं.

एकानं मधे विचारलं होतं की वडलांना टावी (छाती न उघडता नळीतून महाधमनीचा व्हॉल्व बसवणं) केलंय, त्यांच्या रिपोर्टमध्ये पण कडेनं लीक लिहिलंय. ते वेगळं प्रकरण, तिथं टाके नसतातच, व्हॉल्व नुसता दाबून बसवलेला असतो, कॅल्शियमच्या गाठींमुळं कडेला फट राहते. मायल्ड असेल तर बघत राहायचं, जास्त असेल तर त्याच वेळी फुगा परत फुगवून नीट बसवतात, क्वचित प्लग. महाधमनीच्या जागेवरचं लीक, टावी असो की ऑपरेशनचा व्हॉल्व, बंद करायला मायट्रलपेक्षा सोपं पडतं कारण जांघेच्या धमनीतून सरळ वर जाता येतं, पडदा भेदावा लागत नाही. फक्त प्लग हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडावर येत नाही ना हे बघायचं.

पैशाचं. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे. तुम्ही ज्या हॉस्पिटलला जाल तिथल्या आरोग्यमित्राला भेटून तुमच्या केसचं प्रीऑथ (आगाऊ मंजुरी) कुठल्या पॅकेजमध्ये टाकणार ते भरतीच्या आधी विचारा, आणि डिव्हाइसची किंमत वेगळी लिहून मागा, एक लागला तर किती आणि दोन लागले तर किती. प्लग टेबलवर मोजून ठरतो, त्यामुळं आधी एक आकडा आणि नंतर दुसरा असं होऊन दारात भांडणं होतात, ती टाळा. गावात वर्गणी काढायच्या आधी एवढी चौकशी करा.

नंतरचं. डिव्हाइस बसलं तरी ॲसिट्रोम जन्मभर चालू. प्रोसिजरनंतर सहा महिने तरी दात काढणं, हिरड्यांची साफसफाई असलं काही असेल तर आधी अँटिबायोटिकचा डोस, तसा कृत्रिम व्हॉल्ववाल्यांना तो कायमच लागतो, अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम तासभर आधी, ॲलर्जी नसेल तर. पेनिसिलिनचं तीन आठवड्यांचं इंजेक्शन चालू असेल तर ते याच्या बदल्यात चालत नाही, दोन्ही वेगळी. मिश्री लावायची सवय असेल तर ती आता सोडायला लावा, हिरड्या सारख्या फुटत राहतात आणि जंतू तिथूनच आत जातात.

तर या आठवड्यात करायचं ते एवढं. सीबीसी, स्मिअर, रेटिक, एलडीएच, हॅप्टोग्लोबिन, क्रिएटिनिन, आयर्न स्टडी, लघवी मायक्रोस्कोपीसकट, आयएनआर, आणि ताप असो नसो तीन कल्चर, हे सगळं सांगली-मिरजेतच होतं, पुण्याला जायची गरज नाही. हिमोग्लोबिन ९ च्या वर आणा, फॉलिक ॲसिड चालू नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. मग थ्रीडी टीईई, तो जिथं चांगला होतो तिथंच करा, त्यासाठी प्रवास करावा लागला तरी चालेल. टीईईचा छापील कागद आणि दोन फोटो घेऊन येऊ नका, त्यावर काही ठरत नाही, सगळे व्हिडिओ सीडीत किंवा पेनड्राईव्हवर मागून घ्या, देतात, द्यावेच लागतात. ते व्हिडिओ एका इंटरव्हेन्शनवाल्याला आणि एका हार्ट सर्जनला, शक्यतो एकाच बैठकीत दाखवा. आणि मामांना बरोबर न्या, त्यांचे प्रश्न चांगले असतील असं वाटतंय.